नऊची पांदण

मु. टेंभीखेड, पो. जानेफळ
८ जुलै २०२४

चि. अपेक्षा,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कामाचं लिहितो, नाहीतर राहून जाईल. मे महिन्यात तू लग्नाला आली होतीस तेव्हा लॅपटॉपवर मला नकाशा दाखवला होतास. सगळ्या जगाने मिळून काढलेला, ज्याला जे ठाऊक त्याने ते भरायचं. त्यात जानेफळ होतं, हिवरा आश्रम होता, आणि आपलं गाव म्हणजे नुसता एक ठिपका. तुझ्या आजोबाचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, सगळं बालपण त्या ठिपक्यात गेलं. मला ते फार लागलं. तू एक वही दिलीस आणि म्हणालीस, "आबाजी, तुम्ही मोजा, आकडे मला पाठवा, मी भरते."

तर मोजलं. फोनवर सांगितलं असतं, पण कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी वाजते. तू बोलतेस त्यातलं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो. आकड्यांत तसं चालायचं नाही, म्हणून हे पत्र.

चावडीपासून मारुतीच्या पारापर्यंतचा रस्ता अकरा आहे. पाण्याची टाकी चाळीस. गावविहीर सात. आणि नाल्यापासून अन्नपूर्णाबाईच्या वावरापर्यंत, म्हणजे शेतापर्यंत, जी बैलगाडीची वाट जाते, आमची पांदण, ती नऊ. प्रत्येक माप तीनदा घेतलं. दोनदा सारखं आलं तर तिसऱ्यांदा शंका येते, म्हणून तिसऱ्यांदाही. टाकी मोजायला आमच्या गावातला कचरू वर चढला आणि त्याने दोरी खाली सोडली. मी खाली उभा राहून "जपून" म्हणत होतो. त्याला ऐकू जात नव्हतं, पण मला बरं वाटत होतं.

तुझी आजी रुखमाबाई म्हणते, "साठ वर्षं त्या रस्त्यानं चालले, कोणी रुंदी इचारली नाई. आता काऊन मोजून राह्यले?" मी म्हटलं, पुण्याहून काम आलंय. पुण्याहून म्हटलं की ती गप्प बसते.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. आकडा चुकला असेल तर आधीच सांग. नंतर कळलं तर मला जेवण जायचं नाही.

इंद्रभान आबाजी


पुणे
१९ जुलै २०२४

ती. आबाजी,

तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. असं कागदावरचं, तारीख घातलेलं पत्र आमच्याकडे कोणी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

तुमचे सगळे आकडे नकाशात भरले. आता टेंभीखेड ठिपका राहिलेलं नाही. रस्ता आहे, पार आहे, टाकी आहे, विहीर आहे, पांदण आहे. आणि पांदण नऊची आहे हे वाचून मी थक्क झाले. आमच्या इथे पेठेत नऊ रुंदीचा रस्ता मिळाला तर लोक दोन्ही बाजूंना गाड्या लावून वर भांडतात. बैलगाडीची वाट एवढी प्रशस्त ठेवणारं गाव कौतुकाचंच.

एकच शंका. टाकी चाळीस जरा जास्त वाटते. बरोबर आहे ना? रागावू नका, फक्त विचारते.

आजीला सांगा, त्यांच्या हातचं मिरचीचं लोणचं संपलं.

तुमची,
अपेक्षा


टेंभीखेड
२ ऑगस्ट २०२४

चि. अपेक्षा,

टाकी चाळीसच आहे. कचरूने दोरीला वरच्या कठड्यापाशी गाठ मारली, मी जमिनीपाशी मारली, आणि मग दोरी अंगणात आडवी टाकून दोघांनी मोजली. माझ्या वयाचा पंजाबरावसुद्धा तिथे बसला होता आणि चूक काढायला टपला होता. त्यालाही काढता आली नाही. आता याहून जास्त मी काय करणार? तू शंका घेतलीस त्या दिवशी संध्याकाळी मी परत जाऊन टाकीकडे बराच वेळ पाहिलं. ती तेवढीच होती.

पुण्यात पेठेतले रस्ते नऊचे असतात हे ऐकून मात्र वाईट वाटलं. एवढे पैसे, एवढी माणसं, आणि रस्ता आमच्या पांदणीएवढा. तुम्ही पोरं गाड्या चालवता कशा? आमच्याकडे नऊच्या पांदणीत एक बैलगाडी गेली की समोरून शेळीसुद्धा येऊ शकत नाही. जपून चालवत जा.

तू पांदणीचं कौतुक केलंस, पण त्यात माझं काही नाही. ते फार वाढवून लिहू नकोस. आणि एक विचारायचं आहे. तो नकाशा आत्ताची रुंदी दाखवतो, एवढंच ना? पूर्वी किती होती, मग कमी कशी झाली, असलं काही त्यात कोणी विचारत नाही ना? सहज विचारतो. पंजाबरावाचं वावर पांदणीच्या डाव्या अंगाला आहे, त्याचा धुरा, म्हणजे बांध, जरा पुढे आलेला आहे. त्याला उगाच त्रास नको.

लोणचं दीपकच्या हाती पाठवतो. दीपक म्हणजे अन्नपूर्णाबाईचा मुलगा, खामगाव-पुणे ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे, तुला ठाऊकच आहे. बरणीवर तुझं नाव लिहिलंय. झाकण सैल निघालं तर कळव, मला त्याचीच काळजी आहे.

इंद्रभान आबाजी


पुणे
१४ ऑगस्ट २०२४

ती. आबाजी,

झाकण घट्ट होतं, इतकं की शेजारच्या काकांना बोलवावं लागलं. लोणचं निम्मं संपलं.

टाकीबद्दल माफ करा. परत शंका घेणार नाही. नकाशात फक्त आत्ताचंच दिसतं, पूर्वीचं कोणी विचारत नाही. तुम्ही किती साधे, पंजाबराव आजोबांचीही काळजी करता.

आणि हो, माहिती कोणाकडून आली ते लिहावं लागतं. तिथे मी तुमचं पूर्ण नाव घातलं आहे, "यांनी स्वतः मोजून दिले" असं. जगात कुठूनही कोणीही वाचू शकतं.

अपेक्षा


टेंभीखेड
९ ऑक्टोबर २०२४

चि. अपेक्षा,

हे पत्र दीपक आज संध्याकाळच्या गाडीने घेऊन येतो आहे. उद्या सकाळी तुझ्या हाती पडेल. वाच आणि लगेच काय ते कर.

आधी काय झालं ते सांगतो. अन्नपूर्णाबाईचं वावर पांदणीच्या शेवटी आहे, तीन एकर. सगळं सोयाबीन. दरवर्षी ती मजूर लावून सोंगते, म्हणजे कापते, आणि पोती माणसांच्या डोक्यावरून नाल्यापर्यंत आणते, कारण पांदणीतून गाडी नीट निघत नाही. यंदा सोंगणीला माणूस मिळेना. सगळे जिथे जास्त मिळतं तिकडे गेले. पीक वाळून उभं आहे, शेंगा तडकायला लागल्यात, हात लावला की दाणे मातीत. वर आभाळ रोज दुपारी भरून येतं. ती नवऱ्यामागे एकटीने ते वावर करते. दीपक गाडीवर असतो, सून सुचिता घर बघते. पावसाने गाठलं तर वर्ष गेलं.

म्हणून तिने हार्वेस्टर सांगितलं. मेहकरकडचा शेखर म्हणून आहे, त्याचं ते कापणीचं मोठं मशीन. तो आधी म्हणाला, "काकू, आत यायले रस्ता हाय का?" मग त्यानेच फोनमध्ये पाहिलं. त्याच्या फोनात असं काही आहे की मशीन केवढं ते सांगितलं की ते जाईल असाच रस्ता दाखवतो. म्हणाला, "झकास हाय. येतो."

आज सकाळी आला. मशीनचा पुढचा, कापायचा पाता चौदा फूट. नुसत्या चाकांनाच नऊ फूट लागतात. पांदणीच्या तोंडाशी वळला, वीस पावलं आत आला आणि दोन धुऱ्यांच्या मध्ये असा बसला की पुढे ना मागे. माझ्या बाजूची बाभूळ त्याच्या आरशात शिरली. सगळं गाव गोळा झालं. मागे काढायला दुपार झाली, आणि दुपारभर तो एकच वाक्य बोलत होता, "नकाशात तं नऊ मीटर हाय बे, नऊ मीटर."

मी पुढे होऊन म्हटलं, "नऊ खरंच आहे."

तो म्हणाला, "कोनं मोजलं होतं हे?"

सुचिता त्याच्या खांद्यावरून फोनात पाहत होती. तिने खालचं नाव मोठ्याने वाचलं.

अपेक्षा, माझ्या वहीत मी नऊ लिहिलं. तू नऊ भरलंस. मग मीटर कुठून आलं? मी मीटर म्हटलं नव्हतं. मीटर कापडाला असतो. रस्ता फुटांत असतो, हे लहान पोराला ठाऊक आहे. मी सगळ्यांसमोर हेच सांगितलं. पंजाबराव म्हणाला, "इंद्रभान, तू आता जगातल्या लोकायले अडकवून राह्यला."

अन्नपूर्णाबाई नुसती आभाळाकडे पाहत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शेखर हिवरा आश्रमाकडे गेला. तिथे त्याचं तीन दिवसांचं काम आहे. दसरा झाला की जालन्याकडे निघणार. त्याआधी पांदण मोकळी झाली तर येतो म्हणाला. पांदण मोकळी कशी होणार? पंजाबरावाचा धुरा पुढे आला आहे, हे मी तुला आधीच लिहिलं होतं. त्याला कोण सांगणार?

दुपारी मी जेवलो नाही. रुखमाबाई म्हणाली, "तुमच्या उपाशी राह्यल्यानं मशीन आत जाते का?" तू लवकर काहीतरी कर.

इंद्रभान


पुणे
१० ऑक्टोबर २०२४

ती. आबाजी,

तुमचं पत्र सकाळी सातला मिळालं. हे पत्र मी लिहून त्याचा फोटो सुचितावहिनींच्या फोनवर पाठवते आहे. त्या तुम्हाला वाचून दाखवतील.

चूक तुमची नाही, माझी आहे. नकाशात नुसता आकडा लिहिला तर तो मीटर समजला जातो. ते इतकं ठरलेलं आहे की आम्ही कोणी मीटर असं लिहितही नाही. फूट असेल तर आकड्यापुढे एक छोटी उभी रेघ मारायची, इंच असेल तर दोन. तुमच्याकडे रस्ता म्हटला की फूट, म्हणून तुम्हीही लिहिलं नाही. दोघांनीही आपापल्या घरची रीत धरली आणि दोघांनीही विचारलं नाही. नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. मला टाकीच्या वेळीच शंका आली होती. तुम्ही रागावलात म्हणून मी गप्प बसले, आणि जवळजवळ तीन महिने आपली टाकी नकाशावर बारामजली इमारतीएवढी उभी होती. नागपूरच्या कोणा अनोळखी माणसाने तिथे विचारलंही होतं की एवढी उंच टाकी खरी का. मी त्याला ठणकावून लिहिलं, आबाजींनी दोरी टाकून मोजली आहे.

आता पांदण नऊ फूट केली, रस्ता अकरा फूट, टाकी चाळीस फूट. विहीर सात काय आहे ते कळवा. कळेपर्यंत तो आकडा काढून ठेवला आहे. चुकीच्या मापापेक्षा रिकामी जागा बरी.

आणखी एक. पांदण तपासताना मी आकाशातून काढलेले जुने फोटो पाहिले. पंधरा वर्षांपूर्वीच्या फोटोत ती आत्ताच्या दुप्पट आहे, अंदाजे अठरा फूट. मग दर फोटोत थोडी थोडी बारीक होत गेली आहे, आणि दोन्ही बाजूंनी सारखीच. डावीकडचं वावर पंजाबराव आजोबांचं ना? मग उजवीकडचं कोणाचं? त्यांनाही कोणीतरी समजावून सांगितलं तर पांदण मोकळी व्हायला वेळ लागणार नाही. तुमचा शब्द गावात मानतात, तुम्हीच बोलून पाहा.

जेवत जा.

तुमची,
अपेक्षा


टेंभीखेड
१६ ऑक्टोबर २०२४

चि. अपेक्षा,

तुझं पत्र सुचिताने मला एकट्याला वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. पण ती शिकलेली सून, पुण्याहून पत्र आलं म्हणून तिने अंगणात खुर्च्या टाकल्या. पंजाबराव होता, कचरू होता, अन्नपूर्णाबाई सूप घेऊन ओट्यावर बसली होती, आणि रुखमाबाईसुद्धा मुद्दाम आली होती. माझा कान असा, म्हणून सुचिता मोठ्याने वाचत होती. नाल्यापलीकडेही ऐकू गेलं असेल.

"मग उजवीकडचं कोणाचं?" इथवर ती आली आणि थांबली. तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा घातली.

पंजाबराव म्हणाला, "वाच ना पोरी. थांबली काऊन? उजवीकडं इंद्रभान हाय म्हणून सांग तिले. आतापावतर एकटा माझाच धुरा पुढं आलता."

आता तुला लिहायलाच हवं. वखर धरला की बैल धुऱ्यापाशी वळतात. वळताना एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, जरा पुढे पडलं की पुढच्या वर्षी तिथून सुरू करायचं. दरसाल एकच तास. कोणाला दिसत नाही, आपल्यालाही दिसलं नाही असं म्हणता येतं. त्याने डावीकडून घेतलं, मी उजवीकडून. मी ते तुला लिहिलं नाही. तू मला साधा म्हणालीस तेव्हा दोन दिवस मला चैन नव्हतं.

मी म्हटलं, "हाव. माझाही आलाय."

मग अन्नपूर्णाबाई सुपातले खडे काढता काढता म्हणाली, "पोरीले आभाळातून दिसलं. मले तं दहा वर्षं खालूनच दिसून राह्यलं होतं, भाऊजी."

"मंग बोलल्या काऊन नाई?" पंजाबरावाने विचारलं.

"बोलले असते तं तुम्ही दोघं एक झाले असते. एरवी तं तुम्ही एकमेकाच्या गोठ्यात पाह्यत नाई."

रुखमाबाई हसली. तिने हसायला नको होतं, पण ती हसली तसा कचरूही हसला, आणि मग पंजाबरावालाही तोंड लपवता येईना.

तरी काम लगेच झालं नाही. पंजाबराव म्हणाला, पहिले इंद्रभानने आपला धुरा काढावा. मी म्हटलं, दोघांनी एकदमच काढू. मग कोणाचा किती पुढे आला यावर भांडण निघालं. मी माझ्या काठीने फूट मोजले, तर माझे साडेचार आणि त्याचे साडेचार. त्याला मान्य होईना. तो हाताने मोजायला लागला. त्याचा हात माझ्यापेक्षा लांब, म्हणून त्याच्या मापाने त्याचं कमी भरलं आणि माझ्या बाजूला मोजताना तो कोपर वाकवत होता, हे मी स्वतः पाहिलं. अर्धा तास आम्ही पांदणीत वाकून होतो. कचरू म्हणाला, पावलांनी मोजा. त्याची पावलं तर कोणाच्याच जमेत नाहीत.

शेवटी अन्नपूर्णाबाई आली. ती म्हणाली, "तुमचे फूट तुमच्यापाशी ठेवा, तुमचे हात तुमच्यापाशी. शेखरले बोलवा. मशीन तोंडाशी उभं करा. त्याचा पाता जेवढा, त्याच्या दोन्ही अंगाले दीड दीड फूट, एवढी वाट मले पायजे. ज्याच्याकडं पाता अडन, त्यानं तेवढं काढाचं."

मशीनचा पाता कोपर वाकवत नाही.

शेखर दसऱ्याच्या दिवशी सकाळी आला. मशीनला झेंडूची माळ घातलेली होती. त्याने ते पांदणीच्या तोंडाशी नेमकं मध्ये उभं केलं. माझ्या बाजूला तुरीच्या दोन ओळी होत्या, कंबरेएवढ्या. त्या फुलावर आलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. डिसेंबरात त्या चांगल्या लागल्या असत्या. मला वाटलं, एक ओळ ठेवावी, पाता वरून जाईल. मी शेखरला तसं विचारणारच होतो, एवढ्यात रुखमाबाईने विळा माझ्या हातात दिला. घरात पूजेला मांडलेला तोच, त्याला हळदीकुंकू लागलेलं होतं. म्हणाली, "सकाळीच धार लावली. आता उभे राहू नका."

मी कापायला लागलो. दहा-बारा झाडं झाली असतील, तर पलीकडून पंजाबरावाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला. त्याने मागे माती ओढायची फाळी लावून आणली होती. आपला धुरा त्याने एका फेरीत सरकवला, आणि मग काही न विचारता माझ्या बाजूला येऊन माझाही सरकवला. बाभूळ कचरूने तोडली. मी म्हटलं, "पंजाबराव, डिझेल किती गेलं?" तो म्हणाला, "काठीनं मोजून सांगू का?"

मशीन आत गेलं. दोन्ही बाजूंना हातभर मोकळं राहिलं. अन्नपूर्णाबाई पदर खोचून त्याच्यापुढे चालत होती, जशी काही तिच्याशिवाय त्याला वाट सापडली नसती. दोन तासांत तीन एकर झालं. सोयाबीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून थेट घरापर्यंत आलं, एक पोतं कोणाच्या डोक्यावर चढलं नाही. थोडे दाणे आधीच गळले होते, त्याला इलाज नव्हता. ती म्हणाली, गेल्या सालापेक्षा कमी नाही. दुसऱ्या दिवशी चारला आभाळ कोसळलं आणि रात्रभर थांबलं नाही. मी सकाळी तिच्या ओट्यावर जाऊन पोत्यांना हात लावून पाहिला. कोरडी होती. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

आता कामाचं. पांदण परत मोजली. शेखर जालन्याकडे जाताना ठेवून गेला त्या लोखंडी टेपने, मी, पंजाबराव आणि सुचिता तिघांनी पाहून. नाल्यापाशी सतरा फूट चार इंच, मध्ये सतरा फूट, अन्नपूर्णाबाईच्या तोंडाशी सतरा फूट एक इंच. सगळ्यांत कमी तेच भर, सतरा फूट. तू सांगितलेली रेघ मी इथे मारून दाखवली आहे, १७'. टेपची दुसरी बाजूही पाहिली, ती पाच मीटर अठरा सेंटिमीटर म्हणते. दोन्ही लिहून ठेवतो, तुला जे चालतं ते घे. आणि कोणत्या तारखेला मोजली तेही भर. पुढच्या वर्षी वखर धरला की आम्हा दोघांनाही ते तिथे असलेलं बरं.

विहीर सात परस आहे. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. कोणता माणूस, हे मात्र आमच्या वडिलांनी सांगितलं नव्हतं. कचरूचा परस माझ्यापेक्षा वीतभर जास्त भरतो. म्हणून ते नको भरूस. दोरी सोडून फुटांत मोजतो आणि कळवतो. पाणी वर आलं आहे, त्यामुळे तळ लागेल की नाही याची काळजी आहे. पण ते नंतर.

आत्ता अन्नपूर्णाबाई दारात उभी आहे. मला वाटलं सोयाबीनचं काही असेल. तर म्हणते, "भाऊजी, पांदण माझ्या वावरापाशी संपत नाई. पुढं कचरूच्या वावरापावतर जाते. तिथं दोन्ही अंगाले माझंच हाय. तेबी मोजून टाका."

मी म्हटलं, "किती आहे तिथं?"

म्हणाली, "मले माहीत हाय किती निंघन ते. तुम्ही आकडा लिहा. अन् आकड्यापुढं काय लिहाचं ते आठवणीनं लिहा."

टेपचं एक टोक तिने धरलेलं आहे आणि दुसरं माझ्या पायाशी टाकलं आहे. पंजाबरावाला बातमी लागली, तो चप्पल न घालताच धावत येताना दिसतो आहे. कागद इथेच ठेवतो. तिथला आकडा येईपर्यंत ती जागा रिकामी ठेव.

इंद्रभान आबाजी